जुनी व्ही-ट्विन मुंबईत चालवायची तर मागच्या सिलिंडरकडे आधी बघा

दर दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी गाडी पूर्ण थंड असताना मी दोन्ही स्पार्क प्लग काढतो आणि जुन्या पेपरवर शेजारी शेजारी ठेवतो, पुढच्या सिलिंडरचा डावीकडे, मागचा उजवीकडे, आणि पेपरवरच पेनाने 'पुढचा', 'मागचा' लिहून ठेवतो. इंजिन एकच, पेट्रोल एकच, तरी दोघांचे रंग कधीच अगदी सारखे नसतात. पुढचा मारी बिस्किटासारखा तपकिरी, मागचा जरा फिकट. हा फरक का पडतो हे एकदा डोक्यात नीट बसलं ना की जुन्या व्ही-ट्विनची निम्मी सर्व्हिसिंग कळली म्हणून समजा. आणि तेच आज सांगायचंय, कारण मुंबईत लोक अशा गाड्या हौसेने घेतात आणि दोन वर्षांत वैतागून कव्हर घालून कोपऱ्यात उभ्या करतात, ते बघून खरंच जीव तुटतो.

माझी गाडी यामाहाची विरागो ५३५, नव्वदच्या दशकातली, दोन कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे), हवेवर थंड होणारं इंजिन. पण तुमच्याकडे हार्लीची आयर्न ८८३ असेल किंवा ह्योसंगची जुनी अ‍ॅक्विला २५० असेल तरी बरंचसं हेच लागू पडतं, जिथे वेगळं आहे तिथे सांगतोच.

आधी व्ही-ट्विन म्हणजे काय ते बघू. दोन सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे, एक पुढे कललेला, एक मागे, आणि या गाड्यांत दोघांचे कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेले दांडे, खाली क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, एकाच पिनवर बसतात. हार्लीच्या आयर्नमध्ये या दोघांमधला कोन ४५ अंशांचा, विरागो ५३५ मध्ये ७० अंशांचा. आता पिन एकच असल्यामुळे दोघं समान अंतराने फायर होऊच शकत नाहीत. क्रँकच्या दोन फेऱ्या म्हणजे ७२० अंश, त्यात हार्लीचा एक सिलिंडर पेटल्यावर ३१५ अंशांनी दुसरा पेटतो आणि मग ४०५ अंश थांबून परत पहिला, माझ्या गाडीत तेच २९० आणि ४३०. म्हणून तो लंगडत चालल्यासारखा ठेका ऐकू येतो, तो बिघाड नाही, तो या इंजिनाचा स्वभाव आहे. हे मुद्दाम सांगतोय कारण आयुष्यभर सिंगल सिलिंडर दुरुस्त केलेला मेकॅनिक हा आवाज ऐकून "मिसिंग मारतेय" म्हणतो आणि आयडलिंग, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन फिरतं तो वेग, वाढवून ठेवतो, त्याने ठेका थोडा सपाट होतो पण इंजिन उगाच जास्त तापतं. तुमच्या गाडीचा चांगल्या तब्येतीतला आवाज एकदा मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, पुढे शंका आली की तोच उपयोगी पडतो.

आता मागचा सिलिंडर. गाडी चालत असते तेव्हा समोरून येणारी हवा आधी पुढच्या सिलिंडरच्या पंखांमधून जाते, तिथली उष्णता घेते आणि मग तीच कोमट झालेली हवा मागच्याला मिळते. मागचा म्हणजे पुढच्याच्या आडोशाला उभा. हार्लीत तर एक रॉड दुसऱ्याच्या बेचक्यात बसतो त्यामुळे दोन्ही सिलिंडर अगदी एका रेषेत येतात, विरागोत रॉड शेजारी शेजारी आहेत म्हणून मागचा किंचित बाजूला सरकलेला असतो, तेवढीच जरा जास्त हवा. हार्लीच्या काही मोठ्या मॉडेल्समध्ये तर कंपनीनेच अशी सोय दिलीय की उभ्या गाडीत इंजिन फार तापलं की मागच्या सिलिंडरचं काम आपोआप थांबतं, म्हणजे हा त्रास किती खरा आहे बघा.

हायवेवर हे सगळं चालून जातं. पण भांडुपहून सायनला एलबीएस रोडने संध्याकाळी निघा, मेट्रोच्या खांबांमधून, पंधरा-एक किलोमीटरला कधी कधी सव्वा तास लागतो, त्यातला बराच वेळ गाडी उभी, हवा शून्य, बाजूला बसच्या इंजिनाची वाफ, मे महिना. तेव्हा मागचा सिलिंडर अक्षरशः भाजून निघतो. आणि सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू असे जे मोकळे रस्ते आहेत तिथे दुचाकीला बंदीच आहे, म्हणजे आपल्या वाट्याला खालचाच रस्ता.

म्हणून माझं सगळ्यात आधीचं सांगणं हे की मॅन्युअलमधल्या किलोमीटरवर सर्व्हिसिंग करू नका. ते आकडे चालत्या गाडीचा विचार करून दिलेत. आपली गाडी पंधरा किलोमीटर चालते तेव्हा इंजिन सव्वा तास फिरलेलं असतं, आणि वर्षातले चार महिने पावसात ती नुसतीच उभी असते. दोन्ही गोष्टी ओडोमीटरला दिसत नाहीत. मी ऑइल कॅलेंडर बघून बदलतो, एकदा मे अखेरीला पाऊस सुरू व्हायच्या आत आणि एकदा दिवाळीच्या आसपास, मग किलोमीटर दोन हजार झालेले असोत की पाचशे.

ऑइल हे अशा इंजिनात नुसतं वंगण नसतं, ते कूलिंगचंही बरंच काम करतं. तापून पातळ झालेलं ऑइल मागच्या हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या भागातल्या, कॅम आणि रॉकर या व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांवर टिकत नाही. आपल्या हवेत २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० घ्यायचं, १०डब्ल्यू-३० वगैरे नाही, कितीही महाग असलं तरी. आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (दुचाकीच्या ऑइलचं जपानी मानक) लिहिलेलं बघूनच घ्या कारण माझ्या गाडीसारख्या जपानी गाड्यांत तेच ऑइल क्लचलाही लागतं, कारचं ऑइल जास्त घसरं असतं, ते घातलं की क्लच स्लिप होतो आणि मग लोक विनाकारण क्लच प्लेट बदलतात. आयर्नचं जरा वेगळं आहे, तिचं इंजिन ऑइल वेगळ्या टाकीत असतं आणि क्लच, प्रायमरी चेन, गिअर यांचं ऑइल वेगळं, तर ते दुसरं बरेच जण विसरूनच जातात. तिच्या इंजिन ऑइलची लेव्हल बघायची पद्धतही वेगळी, गाडी फिरवून आणून, ऑइल गरम असताना, आणि मॅन्युअलमध्ये ज्या स्थितीत सांगितलंय त्याच स्थितीत. विरागोला बाजूला काच आहे, गाडी सरळ उभी धरून बघायचं, साइड स्टँडवर बघितलं तर हमखास चुकतं.

ऑइल काढाल तेव्हा त्याचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटरची फ्लोट नीडल, म्हणजे आत येणारं पेट्रोल बंद करणारी सुई, गळतेय आणि पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतंय. हे दुर्लक्ष करण्यासारखं अजिबात नाही, बेअरिंग जाते, आणि जास्त पेट्रोल साठलं तर पिस्टन दाबूच शकत नाही, स्टार्टर मारल्यावर काहीतरी तुटतं. आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी आहे, थोडं असेल तर दमटपणाचं, जास्त असेल तर साचलेल्या पाण्यातून गेलेलं.

आता टॅपेट. यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होताना मी बघितलंय. व्हॉल्व्ह (इनटेकचा हवा-पेट्रोल आत घेतो, एक्झॉस्टचा जळलेला गॅस बाहेर सोडतो) आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते, कारण गरम झाल्यावर धातू वाढतो. माझ्या गाडीला इनटेकला ०.०७ ते ०.१२ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.१२ ते ०.१७, तेही इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी. एक्झॉस्टला जास्त का, तर जळलेला गॅस त्याच्या अंगावरून जातो, तो जास्त तापतो, जास्त लांबतो. आणि तो व्हॉल्व्ह थंड होतो कसा? बंद झाल्यावर आपल्या सीटला टेकतो आणि ती उष्णता सीटमधून हेडमध्ये जाते, मुख्यतः एवढीच वाट आहे त्याला. फट कमी झाली की व्हॉल्व्ह नीट टेकतच नाही, उष्णता जायला वाट नाही, कडा जळायला लागते, आणि हे आधी कुठे होणार तर मागच्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला. आमच्या इथले एक जुने मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं, "टॅपेट वाजतोय ना, वाजू दे, गप्प झाला की माझ्याकडे ये." लोक मात्र उलटं करतात, टकटक ऐकवत नाही म्हणून आवळून घेतात.

दुसरी चूक टीडीसीची, म्हणजे टॉप डेड सेंटरची, पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेची. फट मोजताना पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी सगळ्यात वर असावा लागतो. व्ही-ट्विनमध्ये दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर नसतात, म्हणून फ्लायव्हीलवर दोघांच्या खुणा वेगळ्या असतात. एका गॅरेजात माझ्यासमोरच त्या माणसाने एका खुणेवर आणून चारही टॅपेट सेट केले, मला तेव्हा एवढं कळत नव्हतं, पैसे देऊन आलो, आणि दुसऱ्या दिवशी गाडी स्टार्ट व्हायला तयार नाही. तर खूण आली तरी हाताने दोन्ही रॉकर हलवून बघा, दोन्ही किंचित खुळखुळले तरच तो सिलिंडर कॉम्प्रेशनवर आहे, नाहीतर क्रँक अजून एक पूर्ण फेरी फिरवा. फीलर गेज, म्हणजे ठरलेल्या जाडीची मोजपट्टी, फटीत घातल्यावर लोण्यातून सुरी जावी तसं नको, ओढताना हलकी पकड जाणवली पाहिजे, आणि लॉकनट आवळल्यावर परत मोजा कारण नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच. आयर्नवाल्यांना यातलं काही करायचं नाही, तिथे हायड्रॉलिक लिफ्टर फट आपोआप सांभाळतात, पण ते ऑइलच्या प्रेशरवर चालतात, म्हणजे परत चांगल्या ऑइलवरच आलं.

कार्बोरेटरकडे येतो. विरागोत प्रत्येक सिलिंडरला एक, आणि दोघांची बटरफ्लाय, म्हणजे हवेची वाट उघडणारी चकती, बरोबर सारखी उघडली पाहिजे, नाहीतर एक सिलिंडर दुसऱ्याला ओढत नेतो. याला सिंक करणं म्हणतात आणि त्यासाठी महागडे गेज लागतातच असं नाही. मी चार मीटर पारदर्शक प्लास्टिकची नळी घेतली, लाकडी पट्टीवर यू आकारात बांधली, खालच्या भागात टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते) भरलं, आणि नळीची दोन टोकं दोन्ही इनटेकच्या छोट्या व्हॅक्यूम नळ्यांना लावली. गाडी गरम करून चालू केली की ज्या सिलिंडरची ओढ जास्त त्या बाजूला ऑइल चढतं. मग दोन कार्बोरेटरच्या मधला स्क्रू अगदी पाव-पाव फेरी फिरवायचा आणि दोन्हीकडची पातळी एका रेषेत येईपर्यंत थांबायचं. ती पातळी हळूहळू सरळ होते आणि त्याच वेळी हँडलमधली थरथर हाताला कमी झालेली जाणवते, तो क्षण मला फार आवडतो. फक्त फरक फार असेल तर ऑइल भसकन इंजिनात ओढलं जातं, म्हणून एक हात किल स्विचवर ठेवा. टू-टी ऑइल थोडं गेलं तर धूर निघतो, नुकसान होत नाही.

याच व्हॅक्यूम नळ्यांनी मला एकदा जवळजवळ सहा महिने छळलं. मागचा प्लग खडूसारखा पांढरा यायला लागला, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट, ट्रॅफिकमध्ये आयडलिंग आपोआप वर जायचं. पांढरा प्लग म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, म्हणजे अजून जास्त ताप. एकाने कार्बोरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं मुख्य भोक, मोठा घातला, दुसऱ्याने कॉइल बदलायला लावली, पैसे गेले, फरक काही नाही. शेवटी मीच एक दिवस टॉर्च घेऊन खाली वाकलो तर मागच्या इनटेकच्या त्या छोट्या नळीवरची करंगळीच्या नखाएवढी रबरी टोपी उन्हा-तापाने चिरली होती आणि तिथून हवा आत जात होती. बोट दाबून धरलं आणि आयडलिंग लगेच जागेवर. दहा रुपयांची टोपी. तेव्हापासून कोणी पांढरा प्लग सांगितला की मी जेटला हात लावू देत नाही, आधी रबर बघायला सांगतो, इनटेकचे बूट, त्यांचे क्लॅम्प, टोप्या. मागचं रबर आधी जातं, कारण तेच आता कळलं असेल.

इथेनॉलचंही सांगायला हवं. २०२३ पासून पंपांवर ई२० यायला लागलं आणि आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोलच सगळीकडे मिळतं. नव्वदच्या दशकातल्या गाडीचं रबर यासाठी बनलेलंच नाही, पेट्रोल पाइप फुगतात किंवा कडक होऊन चिरतात, आणि इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, मुंबईच्या जुलैच्या हवेत तर विचारूच नका. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं, आणि पेट्रोल तळातूनच ओढलं जातं. तर पेट्रोल पाइप आणि ओ-रिंग विटॉनच्या (इथेनॉल सहन करणारं रबर) घालून घ्या, आणि गाडी तीन-चार आठवडे उभी राहणार असेल तर फ्लोट बाऊलचा, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीचा, खालचा स्क्रू सोडून पेट्रोल काढून टाका. आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या पायलट जेटचं भोक सुईपेक्षा बारीक असतं, वाळलेल्या पेट्रोलच्या चिकटाने ते बुजतं, मग गाडी चोकशिवाय चालत नाही. ते भोक तारेने कोरू नका, मोठं झालं तर परत लहान होत नाही, कार्ब क्लीनर आणि कंप्रेसरची हवा पुरते.

विजेचं थोडक्यात. एक साधा मल्टिमीटर घ्या, बॅटरी निवांत असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन थोडं रेस केल्यावर साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये दिसली पाहिजे. त्याहून कमी किंवा जास्त असेल तर स्टेटर (वीज तयार करणारा) किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज सांभाळणारा), पण त्याआधी दोघांच्या मधला प्लास्टिकचा कनेक्टर उघडून बघा, पावसाने आतल्या पिना हिरव्या होतात आणि करंटच्या तापाने प्लास्टिक तपकिरी पडतं, बऱ्याचदा दोष तिथेच सापडतो. ब्रेक ऑइलही पाणी शोषतं, दोन वर्षांनी बदलाच. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष, नक्षी कितीही शिल्लक असली तरी फार जुन्या रबरवर मुंबईच्या ओल्या पेव्हर ब्लॉकवरून जाऊ नका. विरागोला शाफ्ट आहे, मागच्या गिअरचं ऑइल बदलायचं आणि चाक उतरवाल तेव्हा स्प्लाइनला, म्हणजे चाक आणि शाफ्ट जोडणाऱ्या दात्यांना, मॉलिब्डेनम ग्रीस लावायचं, हार्लीच्या बेल्टला मात्र तेल-ग्रीस काही नाही, फक्त दातात अडकलेली खडी काढायची.

ताप खरंच किती आहे हे मोजायचं असेल तर लॅमिंग्टन रोडवर इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो, कोविडच्या वेळचा कपाळावर धरायचा नाही, तो इतकं वर वाचतच नाही, औद्योगिक वापराचा घ्या. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो चुकीचं दाखवतो म्हणून दोन्ही हेडवर एकाच जागी उष्णता सहन करणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका द्या आणि तिथेच मोजा. आकडा किती यापेक्षा पुढच्या-मागच्यातला फरक नेहमीपेक्षा वाढला का ते बघायचं. वाढला तर प्लग, रबर, टॅपेट, याच क्रमाने शोधा. सिग्नल लांब असेल तर इंजिन बंद करा, आणि घरी आल्याआल्या गरम इंजिनावर पाइपने पाणी मारू नका.

पार्ट मिळत नाहीत ही सगळ्यांची तक्रार, पण अर्ध्याहून जास्त गोष्टींना कंपनीचा पार्ट लागतच नाही. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, ६२०४ म्हणजे जगात कुठेही आतला व्यास २०, बाहेरचा ४७, जाडी १४ मिलिमीटर. ऑइल सीलवरही तीन मापं असतात. जुना नमुना खिशात घालून नागदेवी स्ट्रीटला जा, ओ-रिंग, सील, बेअरिंग, स्टीलचे अ‍ॅलन बोल्ट सगळं मापावर मिळतं. बाकीसाठी ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड. आणि जपानी गाडी असेल तर एक जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचा, स्क्रूड्रायव्हर घ्याच, कार्बोरेटरचे स्क्रू दिसायला साधे फुलीचे असतात पण त्यांची खाच वेगळी, नेहमीचा स्टार स्क्रूड्रायव्हर त्यातून घसरून वर येतो आणि खाच गोल होते, मग ड्रिलशिवाय निघत नाही.

शेवटी पावसाळ्याचं, कारण यावर घरोघरी गैरसमज आहे. "आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करून ठेवतो" असं लोक अभिमानाने सांगतात. पाच मिनिटांत ऑइल गरम होत नाही, पेट्रोल जळून तयार झालेली वाफ सायलेन्सरमध्ये आणि इंजिनात थंड होऊन पाणी बनून बसते, बॅटरी जेवढी खर्च झाली तेवढी भरत नाही, आणि उभ्या गाडीत मागच्या सिलिंडरला वारा नाहीच. त्यापेक्षा बॅटरीला ट्रिकल चार्जर, म्हणजे हळूहळू चार्ज करणारा, लावा, कव्हर ओलं असेल तर काढून गाडीला हवा लागू द्या, आणि पावसाने दोन तास उसंत दिली की सरळ मुलुंडच्या टोकापर्यंत नेऊन आणा, वीस-पंचवीस मिनिटं, वाऱ्यावर.